वरवंट्याखालची झडती

"वाजला नाही," सर खालून म्हणाले.

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. पाय बोटभर कंगोऱ्यावर, डावा हात भेगेत कोंबलेला, उजव्या हातात हातोडा, आणि वर फक्त तीस फूट शिल्लक. तीस फुटांवर वरवंट्याचा माथा. पश्चिमेच्या भिंतीनं त्या सुळक्यावर तोवर कुणीच चढलेलं नव्हतं, आणि तो पहिला माणूस मी असणार होतो. सलग तीन रविवार मी त्या भिंतीला घासत होतो, कोपराची सालटी निघाली होती. आणि खालून हे म्हणतात, वाजला नाही.

"भास्कर, वाजला नाही. काढ तो."

मी खिळ्याला कडी अडकवली, कडीत दोर टाकला आणि पाय वर उचलला. दोर आलाच नाही. सरांनी खाली तो धरून ठेवला होता.

हे जरा सांगायला हवं. भेगेत लोखंडी खिळा ठोकताना तो नीट बसत गेला, तर दर घावाला आवाज चढत जातो आणि शेवटी खणखणीत होतो. पोकळ खडकात गेला तर नुसतं ठप्प ठप्प होतं. पण ठोकणाऱ्याचे पाय लटपटत असतात, हात भरून आलेले असतात, त्याला जो हवा तोच आवाज ऐकू येतो. म्हणून आमच्या गटात गुंजाळ सरांनी नियम करून ठेवला होता. ठोकायचं वरच्यानं, ऐकायचं खालच्यानं. खालचा "वाजला" म्हणाल्याशिवाय वरच्यानं पुढे सरकायचं नाही.

मधुकर गुंजाळ नाशकात आयटीआयला फिटर ट्रेड शिकवायचे. मी त्यांचाच विद्यार्थी, तेव्हा चोवीस वर्षांचा, अंबडच्या एका कारखान्यात नुकताच लागलेला. आमचे खिळे ते स्वतःच वर्कशॉपमध्ये बनवायचे, ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांतून. शंभर फुटांवरून आवाज ऐकून खिळा किती बोटं आत गेलाय ते सांगायचे, आणि काढून बघितला तर ते खरं निघायचं.

"एकदा बाजूनं मार त्याला," ते म्हणाले.

मी रागारागात बाजूनं एक घाव घातला. खिळा भेगेतून निघाला आणि माझ्या हातात आला. मी तो गुपचूप खिशात टाकला, जणू खालच्यांना दिसलंच नाही.

"खाली ये आता."

"सर, दुसरा ठोकतो. दोन मिनिटं."

"खाली ये. दमलायस तू."

खालच्या खिळ्यावरून त्यांनी मला दोरानं सोडत सोडत खिंडीत उतरवलं. पाय जमिनीला टेकले तसं ते पोपटकडे वळले. पोपट दिघोळे सिन्नरचा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक, माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान आणि तोंडानं भलता जोरात. "पोपट, तू जा. यशवंत, दोर सांभाळ."

यशवंत हा आमच्यातला चौथा, दिवसात दहा शब्द बोलायचा. त्यानं दोर घेतला. पोपट माझ्याकडे न बघता बूट आवळायला लागला. न बघणं हा त्याचा चांगुलपणा होता, पण मला तोही सहन होईना. मी हार्नेस काढून फेकला आणि खिंडीच्या पलीकडच्या अंगाला करवंदीच्या जाळीखाली जाऊन आडवा झालो.

दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. गवत कमरेएवढं, पिवळं पडत चाललेलं. मी आडवा झालो त्या जागी मात्र ते दबलेलं होतं, मऊ गादी झालेली. पायथ्याच्या हिवरपाड्याची गुरं दुपारची तिथं बसायची. शेणाच्या वाळक्या पोवट्या आजूबाजूला पडलेल्या होत्या. मला ते दिसत होतं, अगदी नीट दिसत होतं.

थोड्या वेळानं सर आले. "ऊठ तिथून. गुरं बसतात इथं, गोचीड चढतील."

"चढू द्या."

ते माझ्या शेजारी बसले आणि पाठीमागच्या गवताच्या उंचवट्याला डोकं टेकलं.

"राग आलाय."

"नाही."

"आलाय. येऊ दे की. तुझ्या वयात मी तर गटच सोडून गेलो होतो." ते हसले. मी हसलो नाही. "भास्कर, तू चांगला चढतोस. माझ्यापेक्षा चांगला चढतोस, हे मी पोपटसमोर म्हणणार नाही. पण तू बघत नाहीस. नुसती नजर टाकतोस आणि म्हणतोस बघितलं."

"एक खिळा नीट बसला नाही त्याचं एवढं काय, सर?"

"एकच लागतो."

मी कूस बदलली. वर पोपटच्या हातोड्याचे घाव सुरू झाले होते. सरांनी डोळे मिटले होते. यशवंतच्याही आधी ते पुटपुटले, "वाजला."

अर्ध्या तासानं पोपट माथ्यावरून ओरडला, मागोमाग यशवंतही चढून गेला. सर गेले नाहीत. त्यांच्यासाठीही तो नवा सुळका होता, दोन वर्षं त्यांनी त्याच्या भिंती दुर्बिणीतून बघितल्या होत्या. पण ते माझ्यापाशीच बसून राहिले, गवतात डोकं टेकून, आणि मधूनमधून काहीबाही बोलत राहिले. मी हूं का चूं केलं नाही. त्या दिवशी मी त्यांना किती छळलं हे आज आठवलं की कानशिलं तापतात.

हिवरपाड्याहून शेवटची एसटी सव्वापाचला सुटायची. त्याआधी शाळेच्या ओट्यावर आमची झडती. हाही सरांचाच नियम. पावसाळ्यानंतर गवतातून आलेल्या कुणीही झडती दिल्याशिवाय गाडीत चढायचं नाही. जोड्या ठरलेल्या असायच्या. कानामागं, मानेवर केसांच्या मुळाशी, काखेत, कमरपट्ट्याखाली, गुडघ्यामागं. गोचीड सापडला तर सर खिशातून फिल्मची डबी काढायचे. तिच्यात काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, भुवया कोरायचा चिमटा असायचा. चिमटा कातडीला भिडवून गोचीड त्याच्या तोंडापाशी धरायचा आणि न पिळता सरळ वर ओढायचा. पोपट एकदा म्हणाला होता, आमची आजी जळती काडी लावते. सर म्हणाले, आजीला सांग, काडी चुलीला लावायची.

माझी जोडी सरांशी. त्यांनी माझी झडती नेहमीसारखीच केली, चष्मा कपाळावर चढवून, बोटांनी केस विंचरत. गुडघ्यामागं एक सापडला, कमरेवर एक. दोन्ही चिमट्यानं काढले, जागा साबणानं धुतली, गोचीड काड्यापेटीत टाकले. मग पाठ वळवली आणि कॉलर खाली ओढली.

"बघ रे."

मी त्यांच्या मागं उभा राहिलो, एक हात खांद्यावर ठेवला. सरांचे केस दाट, आणि दिवाळीच्या गडबडीत कापायचे राहून गेलेले, कॉलरपर्यंत उतरलेले. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पोपट गावातल्या दोन म्हाताऱ्यांना सांगत होता, शेवटचे तीस फूट कसे चढलो ते. हातवारे करून सांगत होता. माझे तीस फूट. मी ते बघत होतो.

"झालं का?"

"झालं. काही नाही."

"केसांत बघितलंस?"

"बघितलं."

तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला. सरांनी कॉलर वर केली, पिशवीतून गटाची वही काढली आणि माझ्या हातात दिली. "आज तू लिही. दिवस वाईट गेलाय तुझा, निदान अक्षर तरी चांगलं काढ."

गाडीत बसून मी लिहिलं: झडती पूर्ण. भास्कर २, पोपट १, यशवंत नाही, सर नाही. अक्षर खरंच चांगलं आलं होतं.

सहाव्या दिवशी सरांना ताप भरला. गल्लीतल्या डॉक्टरांनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या. नवव्या दिवशी ताप एकशे चारवर गेला आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. पोपट कारखान्याच्या गेटवर आला तेव्हा मला कळलं. मी पाळी संपवून तसाच मळक्या कपड्यांत गेलो.

सर ओळखू येत नव्हते. डोळे लाल, ओठांना चिरा, सलाईनचा हात दांडीला बांधलेला. काकू उशाशी बसून होत्या. "अहो, भास्कर आलाय," त्या म्हणाल्या. सरांनी मान हलवली. "मोठ्यानं बोल," ते पुटपुटले. काकू परत म्हणाल्या, मोठ्यानं. "मोठ्यानं," ते परत म्हणाले.

रक्तात मलेरिया निघाला नव्हता. टायफॉइड समजून इंजेक्शनं चालू होती, पण ताप हलत नव्हता. पुढचे दोन दिवस मी पाळी झाली की तिथंच जाऊन बसायचो, औषधं आणून द्यायचो. काकू मला डबा उघडून द्यायच्या, "तू तरी खा," म्हणायच्या. मी खायचो. खरं सांगायचं तर गोचिडाचा विचार माझ्या मनात पहिल्याच संध्याकाळी आला होता. मी तो बाजूला सारला. बघितलं नाही म्हणजे होताच असं थोडंच आहे, असं मी स्वतःला सांगत होतो. इतके मोठे डॉक्टर बघतायत, त्यांना कळेलच.

अकराव्या दिवशी सकाळी सरांच्या मनगटांवर आणि तळहातांवर बारीक लाल पुरळ उठलं. रक्तदाब खाली यायला लागला. डॉक्टर कुलथे बाई आल्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तळहात उलटेपालटे करून बघितले, मग काकूंना विचारलं, "हे रानात वगैरे गेले होते का इतक्यात?"

"दर रविवारी जातात," काकू म्हणाल्या. "डोंगर चढतात."

"अंगावर गोचीड सापडला होता?"

काकूंनी पिशवीतून वही काढली. डॉक्टर विचारतील म्हणून त्या ती घरून घेऊन आल्या होत्या. पान उघडून त्यांनी बोट ठेवलं. त्यांना केवढा विश्वास होता त्या वहीवर. "हे बघा, लिहिलंय. झडती झालीय सगळ्यांची. यांच्या अंगावर नव्हता."

डॉक्टरांनी वाचलं. "कुणी बघितलं होतं?"

"यानं," काकू म्हणाल्या. "भास्करनं. त्यांचा हाच सगळ्यात विश्वासाचा."

"नीट बघितलं होतं ना?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली. आज तीस वर्षांनीही मी हे कुणाला सांगताना तेवढं वगळतो, पण तेव्हा माझी मान पहिल्यांदा होच म्हणाली.

"बरं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी वही मिटून काकूंच्या हातात दिली. "मग आपण दुसरं काही शोधू. अजून दोन तपासण्या मुंबईला पाठवते. तीन दिवस लागतील." त्या दाराकडे निघाल्या. सरांचा श्वास भराभर चालला होता. तीन दिवस त्यांच्यापाशी नव्हते, हे कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती.

"मॅडम."

त्या थांबल्या.

"मी बघितलं नव्हतं."

"म्हणजे?"

"झडतीत. मी मागं उभा होतो, पण बघितलं नाही. वहीत खोटं लिहिलं. आत्ताही खोटं बोललो. गुरं बसायच्या जागी आम्ही तासभर तरी होतो. सरांनी डोकं तिथंच टेकलं होतं. माझ्या अंगावर दोन निघाले."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टर मात्र चटकन पलंगापाशी आल्या. "धर इकडून. कुशीवर कर त्यांना."

मी सरांना कुशीवर केलं. अंग चुलीसारखं तापलेलं होतं. डॉक्टर मानेवरचे केस बोटांनी विंचरत वर गेल्या. कॉलरच्या दोन बोटं वर, केसांच्या आत, काळी वाळकी खपली होती, बाजरीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी, भोवती लाल कडं. गोचीड पोट भरून केव्हाच गळून गेला होता. मी नुसते केस वर केले असते तर तो तेव्हा समोरच दिसला असता.

"आल्यापासून उताणे झोपलेत, कोण बघणार इथं," डॉक्टर म्हणाल्या आणि नर्सला औषधाचं नाव सांगितलं. "गोचिडाचा ताप दिसतोय. तपासणीची वाट बघत नाही मी, आत्ताच सुरू करा."

साधं औषध होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं. नर्सनं ते विरघळवून नाकातल्या नळीतून दिलं. दोन दिवसांत ताप उतरला. तिसऱ्या दिवशी सरांनी ताक मागितलं.

पण कान गेले. डॉक्टर म्हणाल्या, या तापात कधी कधी जातात, काहींचे परत येतात, वाट बघू. महिनाभर वाट बघितली. सरांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावायची सवय लावून घेतली होती. लावायचे, जरा थांबायचे, आणि हात खाली घ्यायचे. कान परत आलेच नाहीत.

ते घरी आल्यावर मी गेलो. काकूंनी दार उघडलं, आत येऊ दिलं, पण बस म्हणाल्या नाहीत. पुढे दीड वर्ष म्हणाल्या नाहीत, आणि मला त्यात काहीच गैर वाटलं नाही. सर खिडकीपाशी बसले होते. त्यांना सांगायचं तर लिहूनच सांगावं लागणार होतं. कोनाड्यात गटाची वही होती, मी तीच घेतली. शेवटच्या पानावर लिहिलं: मी तुमच्या मानेवर बघितलंच नव्हतं. पोपटकडे बघत होतो. मग मी रडायला लागलो आणि ते थांबेना.

सरांनी वाचलं. काकूंनी त्यांना आधीच सांगितलेलं असणार, कारण चेहरा काही बदलला नाही. त्यांनी पानं उलटून वरवंट्याचं पान काढलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'सर नाही' मधलं 'नाही' एका रेघेनं खोडलं. त्यापुढं '१' लिहिलं. खाली सही आणि तारीख. मग स्वतःला ऐकू न येणाऱ्या आवाजात, जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले, "खोट्या नोंदीवर पुढचा माणूस चढतो. तू मान हलवलीस तेव्हाच मी संपत होतो, असं ही म्हणते. मग तोंड उघडलंस. दोन्ही लक्षात ठेव."

मला वाटलं, गट सुटला माझा. मी दोन महिने कुणाकडे फिरकलो नाही. पोपट बोलवायला आला, मी गेलो नाही. मग एका शनिवारी पोस्टकार्ड आलं. रविवारी सहा वाजता, सीबीएस स्टँड. दोर तू आण. म. गुं.

पुढच्या वर्षी, दिवाळी होऊन तीन आठवडे झाल्यावर, आम्ही परत वरवंट्याच्या खिंडीत उभे होतो. तेच चौघं. गुरांच्या जागेपासून आम्ही लांब बसलो. सर सत्तेचाळीस वर्षांचे होते, आणि पश्चिमेच्या भिंतीनं माथा गाठायचा त्यांचा राहूनच गेला होता. माझ्यापायी राहिला होता. त्यांना ऐकू येत नसल्यानं आमच्यात नवा नियम झाला होता. खिळा वाजला की खालच्यानं दोराला एक झटका द्यायचा. झटका आला नाही तर खिळा काढायचा.

पोपट दोर उचलत म्हणाला, "सर, खाली मी थांबतो."

सरांनी त्याचे ओठ वाचले. "भास्कर थांबेल," ते म्हणाले. पोपटनं दोर माझ्या हातात दिला. मी तो कमरेभोवती घेऊन पाय रोवले.

सर हळू चढले, पण कुठं अडखळले नाहीत. जुन्या खिळ्यांवर दोर टाकत सत्तर फूट गेले. पोपटच्या वेळचा पुढचा खिळा पावसाळ्यात गंजून ढिला झाला होता, त्यांनी तो काढून टाकला आणि नवा घेतला. भेग तीच, माझी. त्यांनी ठोकायला सुरुवात केली. मी श्वास धरून ऐकत होतो. यशवंतनं पोपटच्या दंडाला धरून त्याला गप्प केलं होतं. पहिला घाव, दुसरा, तिसरा. आवाज चढतोय असं वाटलं. चौथ्याला अडला. पाचवा ठप्प.

मी दोर हलवला नाही.

सर थांबले. त्यांचा उजवा पाय थरथरायला लागलेला खालून दिसत होता. त्यांनी खाली बघितलं. मी मान नाही म्हणून हलवली, लांबून दिसेल अशी. त्यांनी खिळा बाजूनं दोन घाव घालून काढला, डावीकडे हातभर सरकले आणि दुसऱ्या भेगेत लावला.

हा आवाज चढत गेला. प्रत्येक घावाला चढला आणि शेवटचे दोन घाव सगळ्या खिंडीत खणखणले. खाली गुरं राखणाऱ्या बाईनंही वर बघितलं. त्या डोंगरात तो आवाज ऐकू येत नव्हता तो फक्त ठोकणाऱ्याला. मी आणखी एका घावाची खूण केली, त्यांनी तोही घातला. तो ऐकला, आणि मग मी दोराला एक झटका दिला.

सरांनी कडी अडकवली, कडीत दोर टाकला आणि खाली न बघता पाय वर उचलला.